तुबलीच्या छत्र्या

बहरीनला जाण्याआधीच मी त्या छत्र्या फोटोत पाहिल्या होत्या. पुण्याला आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत बांधकामाची परदेशी मासिकं यायची, चार-सहा महिने शिळी. त्यातल्या एकात तुबलीच्या खाडीकाठी भरलेल्या एका जागतिक प्रदर्शनाचे फोटो होते. देशोदेशींनी आपापली दालनं उभारली होती आणि मधोमध मुख्य दालन होतं: काँक्रीटच्या आठ छत्र्या, दोन रांगांत चार-चार. प्रत्येक छत्री एकाच खांबावर उभी, वाऱ्याने उलटून जावी तशी, कडा आभाळाकडे वळलेल्या. छपराची जाडी अवघी तीन इंच. आमच्या सरांनी ते पान वर्गात फिरवलं आणि म्हणाले, "डोळे भरून बघून घ्या. आपल्याकडे असलं बांधायला तुम्हाला कोणी बोलावणार नाही."

पुढे तीन वर्षांनी, सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, मी बहरीनला एका सल्लागार कंपनीत स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणून गेलो. उम्म अल हस्समला एका फ्लॅटमध्ये वसईच्या एका गृहस्थाबरोबर खोली मिळाली. तो एका हॉस्पिटलात एक्स-रे विभागात कामाला होता, दर शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चला जायचा, आणि माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा असल्यामुळे मला सल्ले द्यायचा. पहिल्याच मोकळ्या शुक्रवारी मी तुबलीला निघालो तेव्हा तो हसत सुटला.

"अरे, लोक बाजारात जातात, समुद्रावर जातात. तू गॅरेजं बघायला जाणार?"

"प्रदर्शनाची जागा बघायची आहे."

"ते केव्हाच आटोपलं. आता काय आहे तिथे?"

टॅक्सीवाल्यानेही तेच सांगितलं. प्रदर्शनाला अरबीत मारद म्हणतात, एवढं मी ऐकून ठेवलं होतं. "मारद? मफी मारद. खलास," म्हणत त्याने मला गॅरेजांच्या ओळीपुढे सोडलं आणि तो निघून गेला.

कुंपणाची जाळी जागोजागी फाटलेली होती. आत शिरल्यावर आधी झेंड्यांचे खांब लागले, चाळीसेक तरी असतील. झेंडे नव्हते, दोऱ्या मात्र खांबांवर टकटक वाजत होत्या. एका देशाच्या दालनाचा नुसता लोखंडी सांगाडा उरला होता, वरचं कापड चिंध्या होऊन लोंबत होतं. दुसरं दालन जहाजाच्या आकाराचं, त्याच्या फळ्या कोणीतरी जळणाला नेल्या होत्या. कोरड्या कारंज्यात टायर पडले होते. दोन-तीन वर्षांत खाऱ्या हवेने सगळ्याला खाऊन टाकलं होतं.

छत्र्या मात्र तशाच होत्या. दुरून बघून माझ्या अंगावर काटा आला, हे खरंच सांगतो. एवढं जड सामान एवढं हलकं दिसू शकतं, यावर मासिक बघून माझा पुरता विश्वास बसला नव्हता. तो तिथे बसला. जवळ गेलो तेव्हा दिसलं की खांबाखांबांमध्ये सिमेंटचे ठोकळे आणि प्लायवूड लावून भिंती घातल्या आहेत. भिंतींतून एअरकंडिशनरची खोकी बाहेर आली होती. दोऱ्यांवर शेकड्याने कपडे वाळत होते आणि कांदा परतल्याचा वास येत होता. प्रदर्शन संपल्यावर एका ठेकेदार कंपनीने मुख्य दालन आपल्या कामगारांच्या कॅम्पसाठी घेतलं होतं. दोनशे माणसं त्या छत्र्यांखाली राहत होती.

मी एका खांबाशी उभा राहून वर बघत स्वतःशीच काहीतरी पुटपुटलो असणार, कारण मागून आवाज आला, "पुण्याचे काय?"

पंचेचाळिशीचा एक माणूस उलट्या डब्यावर बसून करवतीला कानस मारत होता. राजापूर तालुक्यातला सुतार. कॅम्पमध्ये त्याला सगळे मेस्त्री म्हणायचे, मीही तेच म्हणू लागलो. मी छप्पर बघायला आलोय म्हटल्यावर त्याने करवत बाजूला ठेवली.

"नुसतं छप्पर बघायला? मग खालनं बगा. हितनं."

त्याने मला खांबाला पाठ लावून उभं केलं. वर काँक्रीटवर फळ्यांच्या खुणा उमटलेल्या होत्या, एकीला लागून एक, पंख्याच्या काड्यांसारख्या पसरत गेलेल्या.

"एक तरी फळी वाकडी हाय काय, सांगा."

मी निरखून पाहिलं. एकही नव्हती. प्रत्येक फळी सरळ होती, फक्त शेजारणीपेक्षा जराशी तिरकी लावलेली, आणि त्या सरळ फळ्यांतूनच सगळं वळण तयार झालं होतं. हे गणित मी कॉलेजात शिकलो होतो. समीकरणही पाठ होतं. पण ते डोळ्यांना त्या दिवशी कळलं.

"हे साचे मी केले," मेस्त्री म्हणाले. "मी आणि आमचे बारा जण. गोरा साहेब नकाशा घेऊन आला तेव्हा सगळे बोलले, फळी वाकवल्याशिवाय व्हायचं नाय. मी दोरी बांधून दाखवली. आठ म्हयने लागले. आता त्याच्याखालीच झोपतो. घर बांधणारा सुतार त्या घरात कधी झोपतो काय?"

त्यानंतर मी पंधरा दिवसांतून एकदा तरी तिकडे जाऊ लागलो. बिनदुधाचा चहा व्हायचा. मेस्त्रींनी आपल्या चुलतभावालाही गावाहून आणलं होतं. तो वेल्डर होता, कायम रात्रपाळीला, त्यामुळे शुक्रवारी सकाळी मी जायचो तेव्हा तो आत झोपलेला असायचा. मी त्याच्याशी दोनदाच बोललो असेन. एकदा त्याने मला आपल्या धाकट्या मुलीचा फोटो दाखवला होता.

वर्ष होत आलं असताना आमच्या ऑफिसात त्या ठेकेदार कंपनीचं पत्र आलं. कॅम्पला पाणी पुरत नव्हतं म्हणून छत्र्यांवर आधीच काही टाक्या ठेवल्या होत्या. आता आणखी दोन ठेवायच्या होत्या, आणि छप्पर पेलेल असा दाखला हवा होता. आमचे मोठे साहेब इंग्रज होते. त्यांनी पत्र माझ्या टेबलावर टाकलं. "तुला त्या छत्र्या आवडतात ना? जा मग."

शिडी लावून मी वर चढलो आणि पहिल्यांदा ते छप्पर वरून पाहिलं. उलट्या छत्रीत पाणी मधोमध गोळा होतं, ते खांबातल्या नळीतून खाली जावं अशी मूळची योजना होती. नळ्या वाळूने बुजल्या होत्या. टाक्यांतून गळणारं विहिरीचं मचूळ पाणी तिथे साचून साचून वाळलं होतं. खाडीकडच्या दोन छत्र्यांत मिठाचा थर नखाने खरवडून निघत होता. उतरून खाली आलो तर त्याच दोन छत्र्यांना आतून तपकिरी डाग, आणि एके ठिकाणी पोपडा निघून सळई उघडी पडलेली. मी बोट लावलं तर गंजाचे पापुद्रे हातात आले.

मेस्त्री एक लांब काठी घेऊन आले, तिच्या टोकाला हातोडी बांधलेली. ते एकेका छत्रीखाली जाऊन वर ठोकत गेले. सहा छत्र्या खणखणीत वाजल्या. खाडीकडच्या दोन्ही बद्द वाजल्या, फुटक्या मडक्यासारख्या. मेस्त्रींनी काठी खाली घेतली आणि माझ्याकडे बघितलं. पलीकडे पडद्याआड माणसं झोपली होती.

मी रिपोर्ट लिहिला: खाडीकडच्या दोन छत्र्या ताबडतोब रिकाम्या कराव्यात, सगळ्या टाक्या उतरवाव्यात, खालून लोखंडी टेकू द्यावेत. मोठ्या साहेबांनी तो दोनदा वाचला.

"आकडेमोड कुठे आहे?"

"आत सळई किती उरली आहे हे कळल्याशिवाय आकडेमोड कशाची करू?"

"म्हणजे हे तुझं मत झालं. मताच्या जोरावर मी त्यांना पन्नास माणसं रस्त्यावर काढायला सांगू? त्यांची आणखी तीन कामं आपल्याकडे आहेत, माहीत आहे ना?"

दुसऱ्या दिवशी टाईप होऊन आला तो रिपोर्ट वेगळा होता. नव्या टाक्या सध्या ठेवू नयेत. यथावकाश सविस्तर तपासणी करावी. तूर्त काळजीचं कारण दिसत नाही. खाली साहेबांची सही होती आणि 'तपासलं' म्हणून माझी आद्याक्षरं हवी होती. माझं लग्न ठरलं होतं. फॅमिली व्हिसाचा अर्ज त्याच साहेबांच्या टेबलावर होता. हे कारण म्हणून सांगत नाही, तेव्हा काय होतं ते सांगतो. मी आद्याक्षरं घातली. पहिल्या रिपोर्टची कार्बन कॉपी मात्र मी फाडली नाही. घरी नेऊन बॅगेत तळाशी ठेवली.

त्याच संध्याकाळी मी कॅम्पवर गेलो आणि मेस्त्रींना बाजूला घेतलं.

"खाडीकडच्या दोन छत्र्यांखाली कोणी झोपू नका."

"रिपोटात तसं लिवलंय?"

"नाही. पण झोपू नका."

त्यांनी मान डोलावली.

चार दिवसांत मेस्त्रींनी त्या दोन छत्र्यांखालची चव्वेचाळीस माणसं बाहेर काढली. कुंपणालगत ताडपत्र्या आणि जुन्या प्लायवूडच्या खोपटी उभ्या राहिल्या. मे महिना होता. त्या उन्हात रात्रपाळीच्या माणसांना दिवसा बाहेर झोपणं म्हणजे भट्टीत झोपणं. काही जण कुरकुरू लागले, दोघांना ऊन लागलं. बाकीच्या छत्र्यांतली माणसंही विचारू लागली की आमचं काय. कॅम्पच्या मुकादमाने वर कळवलं आणि एका सकाळी मोठ्या साहेबांनी मला गाडीत घालून ठेकेदाराच्या ऑफिसात नेलं.

तिथे टेबलापलीकडे मॅनेजर बसला होता आणि टेबलाअलीकडे मेस्त्री उभे होते. अंगात धुतलेला सदरा, हात पाठीमागे. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर जरा हुशारी आली. साक्षीदार आला, असं त्यांना वाटलं असेल.

मॅनेजर हिंदीत म्हणाला, "हा म्हणतो छप्पर पडणार. तुला कोणी सांगितलं रे?"

"मी बांधलंय ते. मला आवाजावरनं कळतं."

"आवाजावरून?" मॅनेजर माझ्याकडे वळला. "इंजिनियरसाहेब, तुम्ही तपासलंत. तुम्ही याला असं काही सांगितलं होतं?"

मोठे साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. भिंतीवरचा एअरकंडिशनर घरघरत होता. मला आठवतं, मी आधी घसा साफ केला.

"माझं जे मत आहे ते रिपोर्टमध्ये आहे," मी म्हणालो.

मेस्त्रींनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. रागाने नाही. एखाद्या फळीला गाठ निघाल्यावर सुतार जसा बघतो, तसं. मग मॅनेजरला म्हणाले, "साहेबांनी कायच सांगितलं नाय. मीच बोललो."

माणसं भडकवली म्हणून त्यांचा व्हिसा कॅन्सल झाला. आठवडाभरात त्यांना विमानात बसवलं. त्या दिवशी मी ऑफिसात होतो. रजा मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही. संध्याकाळी घरी आल्यावर वसईकराने विचारलं, "तुझे ते मेस्त्री आज जाणार होते ना? भेटलास?" मी कामाचं निमित्त सांगितलं. त्याने जेवायला वाढून घेतलं.

कुंपणालगतच्या खोपटी मुकादमाने पाडून टाकल्या. माणसं परत आत गेली. खोटं कशाला सांगू, बरीचशी खुशीने गेली. आत गारवा होता.

छप्पर पडलं ते सहा आठवड्यांनी, जुलैत, सकाळी दहाच्या सुमारास. मी ड्रॉइंगबोर्डाशी होतो. फोन वाजला. हॉस्पिटलातून वसईकर बोलत होता. तो कधी ऑफिसात फोन करायचा नाही.

"तुझ्या त्या छत्र्यांवरून माणसं आणतायत," तो म्हणाला. "तू कुठे आहेस?"

"ऑफिसात. किती?"

"आतापर्यंत नऊ. दोघांचा एक्स-रे काढायची गरज नाही. तू इकडे ये नाहीतर तिकडे जा, पण तिथे बसून राहू नको."

मी तुबलीला गेलो. कोपऱ्यातल्या छत्रीची खाडीकडची एक बाजू तुटून सरळ खाली बसली होती, वरच्या टाकीसकट. राहिलेला भाग खांबावर कलंडून उभा होता. काँक्रीटमधून लोंबणाऱ्या सळ्या मोडल्या जागी काळ्याकुट्ट होत्या, चकाकणारं लोखंड कुठेही नव्हतं. टाकीच्या पाण्याने सगळीकडे चिखल झाला होता आणि त्या चिखलात गाद्या, डबे, एक ट्रान्झिस्टर. माणसं हातांनी ढिगारा उपसत होती. "यल्ला, यल्ला," म्हणजे चला, लवकर, असं कोणीतरी ओरडत होतं. मीही उपसू लागलो. दुपारी एक वाजता तिसरा सापडला. मेस्त्रींचा चुलतभाऊ. त्याच्या तोंडावर झोपताना घेतलेला पंचा तसाच होता.

आधी मेलेले दोघं आंध्रातले होते. त्यांना मी ओळखत नव्हतो.

दोन सरकारी अधिकारी चौकशीला आले. मोठ्या साहेबांनी टाईप केलेला रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी मला विचारलं, "यात भर घालण्यासारखं काही आहे?" मी म्हणालो, नाही. मग सहा दिवस मी तो कार्बन कागद बॅगेतून काढायचो आणि परत ठेवायचो. सातव्या दिवशी वसईकर माझ्यासमोर येऊन बसला. त्याने सगळं जुळवलं होतं.

"तुझ्याकडे काहीतरी आहे," तो म्हणाला. "मी पाद्री नाही, मला कबुली देऊ नको. ज्यांना द्यायचं त्यांना दे. नाहीतर मी दुसरी खोली बघतो."

मी तो कागद नेऊन दिला. अधिकाऱ्याने तारीख पाहिली, मग टाईप केलेल्या रिपोर्टावरची तारीख पाहिली, आणि विचारलं, "ही आद्याक्षरं तुमचीच?" मी हो म्हणालो.

त्यानंतर गोष्टी भराभर झाल्या. उरलेल्या छत्र्या रिकाम्या करवल्या. माणसांना दुसरीकडे हलवलं. मोठे साहेब देश सोडून गेले. ठेकेदाराला भरपाई द्यावी लागली. माझी नोकरी गेली, फॅमिली व्हिसाचा अर्जही गेला, लग्न वर्षभर पुढे ढकललं. पण मला तिथून जावं लागलं नाही. बुदैयाच्या रस्त्यावर बंगले बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या बहरीनी माणसाने मला कामावर घेतलं. त्याला सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवशी त्याने एवढंच सांगितलं, "वाळू समुद्राची वापरायची नाही. पाणी गोड वापरायचं. कोणी काही म्हणालं तरी." मी त्याच्याकडे अकरा वर्षं काढली.

बायको आली, मुलगी झाली. ऐंशी साल उलटून गेलं. तुबलीच्या रस्त्याने जाताना त्या छत्र्या दिसायच्या, खाडीकडच्या दोन काढून टाकल्यानंतर सहाच. पाडायच्या होत्या, पण पाडत कोणी नव्हतं. आत कबुतरं राहत होती. मुलगी पाच वर्षांची असताना एकदा गाडीतून बोट दाखवून म्हणाली, "व्हॉट्स दॅट, बाबा?" ती मराठी सगळं समजायची, उत्तरं इंग्रजीत द्यायची. मी म्हणालो, "जुनं प्रदर्शन होतं." बायकोने माझ्याकडे बघितलं. तिला मी लग्नानंतर सगळं सांगितलं होतं. मुलीला अजून सांगितलेलं नाही. आता ती स्वतः दोन मुलांची आई आहे.

मग त्या छत्र्या पाडायला काढल्या. मी तीन शुक्रवार बघायला गेलो. यंत्राला लोखंडी गोळा टांगून मारत होते. पाडणाऱ्या ठेकेदाराने दोन दिवसांचं काम धरलं होतं, त्याला तीन आठवडे लागले. सहाही छत्र्या धडधाकट होत्या. गोळा आदळायचा, टवका उडायचा, छत्री हलायची नाही. तुटली तिथे आतली सळई निळसर, नवी असावी तशी. यंत्रावरचा माणूस शिव्या घालत म्हणाला, "हे बांधलं कोणी?" मला सांगता आलं असतं.

त्याच वर्षीच्या रजेत मी राजापूर तालुक्यात मेस्त्रींच्या गावी गेलो. छप्पर पडल्याला आठ वर्षं झाली होती. त्या आठ वर्षांत मी पाच वेळा भारतात येऊन गेलो होतो, आणि दर वेळी तिकडे न जाण्याला काहीतरी कारण होतं.

मेस्त्री पडवीत फणसाच्या लाकडाची चौकट रंधत होते. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं, बसायला पाट दिला, आणि रंधा चालूच ठेवला.

"आमच्याकडं पेटी आली," ते म्हणाले. "मीच खांदा दिला. मीच त्याला नेलावता, मीच पोचवला."

मी सांगायला आलो होतो ते सांगितलं. पहिला रिपोर्ट, दुसरा रिपोर्ट, आद्याक्षरं. मॅनेजरच्या ऑफिसातलं त्यांना सांगायची गरज नव्हती. मग कार्बन कॉपीचं सांगितलं, चौकशीचं, नोकरी गेल्याचं. तिथे आल्यावर माझा आवाज जरा सैल झाला असावा. मेस्त्रींनी रंधा थांबवला.

"नोकरी गेली तुमची?"

"गेली."

"मंग आधी बोलला असतात, तरी तेवढीच गेली असती."

मेस्त्री पुन्हा रंधा मारू लागले.

थोड्या वेळाने मी सांगितलं की बाकीच्या सहा छत्र्या पाडल्या. पाडताना किती त्रास झाला तेही सांगितलं. मला वाटलं त्यांना ते ऐकून बरं वाटेल. त्यांनी चौकटीवरचा भुसा हाताने झाडला.

"आता हे सगळं त्याच्या बायकोलाही सांगा," ते म्हणाले. "मी सांगितलेलं वेगळं, तुमी सांगितलेलं वेगळं."

शेजारचंच घर. चुलतभावाची बायको मागच्या दारी भात वाळत घालत होती. मेस्त्रींनी हाक मारली, "वहिनी, बहरीनचे साहेब आलेत." ती पदर सावरून ओसरीच्या खांबाशी उभी राहिली. दारात तेरा-चौदा वर्षांची मुलगी येऊन थांबली, तिला आईने आत पाठवलं. मी उभ्याउभ्याच बोललो. इंग्रजी शब्द टाळत बोलायचं होतं म्हणून अडखळत होतो. छप्पर धोक्याचं आहे हे मला माहीत होतं. ते मी कागदावर लिहिलं होतं. मग तो कागद बदलला, आणि बदललेल्या कागदावर मी सही केली. तुमचे मालक त्या छपराखाली होते.

तिने सगळं ऐकून घेतलं. मी थांबल्यावर तिने विचारलं, "तुमचं नाव काय म्हणालात?"

मी सांगितलं नव्हतं. ते सांगितलं. तिने ते एकदा हळू आवाजात म्हणून पाहिलं, बरोबर आलं का म्हणून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग ती भाताकडे वळली, कारण कोंबड्या आल्या होत्या.

राजापूरला परत जाणारी एसटी चार वाजता होती. मेस्त्री माझ्याबरोबर पाणंदीच्या तोंडापर्यंत आले. गाडी कुठे थांबते, कुठल्या बाजूला उभं राहायचं, ते त्यांनी हात करून दाखवलं. गाडीला अजून पाऊण तास होता. ते थांबले नाहीत.